दोस्ताचं वावर

औरंगाबादच्या छावणीत, तबेला मोडून
जिथं टपालाची कचेरी केली होती,
तिथं मी दोन वर्षं लोकांची पत्रं वाचली.
पगार बत्तीस रुपये. हाली नव्हे, कलदार.
महिन्याला काळ्या शाईची एक बाटली,
तिचा हिशोब वेगळा.

हुकूम आधी उर्दूत यायचे, मग मी मराठीत आणायचो:
बेटांची नावं काढा. बोटींची काढा. हवामान काढा.
दोस्त सरकारविषयी शंका दिसली
तर पूर्ण मजकूर.

त्या श्रावणात साहेब रात्र रात्र रेडिओला कान लावून बसायचे.
लंडनात खल चाललाय, शिरस्तेदार दस्तगीर सांगायचे,
डचांच्या बेटांचा. तेल आहे, कथील आहे, रबर आहे.
शत्रू उतरला तर आपण धावायचं का?
धावू, असं आधीच लिहून द्यायचं का?
दिलं, आणि तिसरा दोस्त घरीच बसला तर?
म्हणून ‘धावू’ नको, ‘विचार करू’ लिहा.
नुसतं ‘विचार करू’ रुक्ष वाटतं,
‘सहानुभूतीनं’ घाला.
दस्तगीर पान जुळवता जुळवता हसायचे:
“आपल्या हुजुरांनाही यारे वफादार म्हणतात, सेलूकर.
यारीचे कागद आम्ही फार पाहिले.
वऱ्हाड त्यातच गेला.”

आणि मग हे पाकीट.
मुंजाजी लिंबाजी जागले, झरी, जिल्हा परभणी.
त्याला अक्षर येत नव्हतं. कोण्या नाईकानं लिहून दिलेलं,
मोडीत, उकार एकही धड नाही.

‘राहीस आशीर्वाद. मी खुशाल.
हितं ज्वारी न्हाई.
झाडाला चीर देतेत, वाटीत चीक गळतो, रुईवानी.
त्याच्या राखणीला मी.
बाप पाटलाच्या माळ्यावर गोफण घेऊन बसायचा,
मी बंदूक घेऊन. तेवढाच फरक.
हवालदाराला इचारलं, हे वावर कुणाचं?
दोस्ताचं म्हणला.
मग दोस्त कुठंय?
तर त्याचं घर मागल्या सालीच जर्मनानं घेतलं म्हणं.
घर गेलं अन् वावर ऱ्हायलं, असं कसं असतंय?
चीक काढणारा एक म्हातारा हाय.
त्यानं हातानं इचारलं, तुझं वावर कुठंय?
मी हातानंच सांगितलं, न्हाई.
त्यानं सोताच्या छातीवर हात ठिवला,
मग जमिनीवर ठिवला,
अन् हसला.’

मी बोरू बुडवला.
‘झाडाला’पासून ‘हसला’पर्यंत
सगळं नियमात बसत होतं.
उरलं ते एवढंच: आशीर्वाद, खुशाल, ज्वारी नाही.

(वर लिहिलंय ते आठवणीतलं.
चीक हा शब्द नक्की त्याचा.
हातांचंही त्याचंच.
एखादी ओळ माझी मिसळली असेल,
इतकी वर्षं ती माझ्याकडेच राहिली.)

माघात बातमी आली, बेट पडलं.
‘सहानुभूतीनं’ हा शब्द ठेवावा की काढावा,
यावर कुठंतरी एखादा कारकून
तेव्हाही खाडाखोड करत असेल.

राही चैत्रात आली. मनिऑर्डर थांबली होती.
पदरातून कागद काढला, चौघडी, कडा मळलेल्या.
वाचता येत नव्हतं तिला,
पण काळं कुठं आहे ते पाठ होतं.
“हितं काय होतं?”
सरकारी मजकूर, मी म्हणालो.
ती माझ्याकडे बघत राहिली.
“त्याला सरकारी बोलता येत न्हाई,” म्हणाली.

दस्तगीर आत उठून गेले.
तिनं कागद उन्हात धरला,
एका बाजूनं, मग पालथा करून,
शाई पुरती वाळली की खालचं वर येईल
अशा बेतानं.

परभणीची गाडी तीनला होती.
निघ, मी म्हणालो, चुकेल.